बालेवाडीचे सहा, जेनोआचा एक

म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडासंकुल मुळशी तालुक्याच्या पूर्व सीमेवर १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. फुटबॉलची इंडियन सुपर लीग सुरू झाल्यावर एफसी पुणे सिटीने तिथे मुक्काम टाकला. २०१४ ते २०१९ या पाच हंगामांत या संघाला सहा परदेशी प्रशिक्षक लाभले : इटलीचे फ्रँको कोलोंबा, इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट, स्पेनचे आंतोनिओ हबास, सर्बियाचे रांको पोपोविच, पुन्हा स्पेनचे मिगेल आंखेल पोर्तुगाल आणि शेवटी इंग्लंडचे फिल ब्राऊन. माणसं लेचीपेची नव्हती. हबास यांनी लीगच्या पहिल्याच हंगामात कोलकात्याला विजेतेपद मिळवून दिलं होतं. कमी पडली ती मुदत. सुरुवातीचे हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचे असत. साखळीतले चौदा सामने संपले की सामान बांधायचं.

प्लॅट खेळाडू असताना इटलीतल्या जेनोआ शहरात साम्पदोरियाकडून खेळले. तिथल्या लुइजी फेरारिस मैदानावर त्यांच्या कितीतरी आधी एका इंग्रजाने परदेशातली प्रशिक्षकी म्हणजे काय, हे दाखवून दिलं होतं. विल्यम गार्बट हा तोफखान्यातला माजी शिपाई. तो वूलिच आर्सेनल आणि ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून खेळला. दुखापतीने खेळ सुटला आणि १९१२ मध्ये, तिशीही उलटली नसताना, तो जेनोआ क्लबचा प्रशिक्षक झाला.

त्याने खेळाडूंना खांबांमधून चेंडू काढायला लावला, सरावाला शिस्त आणली, खेळणाऱ्यांना गरम पाण्याची अंघोळ मिळेल अशी सोय केली. १९१५ चा हंगाम युद्धामुळे अर्धवट राहिला, त्याचं विजेतेपद पुढे जेनोआला देण्यात आलं. गार्बट युद्धावर गेला, परतला आणि पुन्हा त्याच मैदानावर उभा राहिला. इकडे मुळशीत सेनापती बापटांचा धरणविरोधी सत्याग्रह पेटला होता, त्याच काळात, १९२३ आणि १९२४ मध्ये, त्याने लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. त्यातलं पहिलं एकही सामना न हरता. १९२७ पर्यंत तो तिथेच होता. पुढे रोमा, नापोली. १९३६ मध्ये बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिकसोबत स्पेनचं विजेतेपद. दुसऱ्या महायुद्धाने मात्र त्याला सोडलं नाही : इंग्रज म्हणून इटलीत हालअपेष्टा वाट्याला आल्या, पत्नी बॉम्बहल्ल्यात गेली. तरी युद्ध संपताच तो पुन्हा जेनोआतच कामाला लागला. १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं निधन झालं.

परदेशी असणं ही गार्बटची खरी जमेची बाजू नव्हती. जेनोआने त्याच्यावर भरवसा ठेवून त्याला वेळ दिला, ही होती. याचा पुरावा बालेवाडीतही सापडतो. २००७ मध्ये स्थापन झालेल्या पुणे एफसीने गोव्याच्या डेरिक परेरा यांच्या हाती संघ चार हंगाम ठेवला. २०१२-१३ मध्ये हा संघ आय-लीगचा उपविजेता ठरला. सुपर लीगच्या पुणे सिटीने उपांत्य फेरी गाठली ती एकदाच, मार्च २०१८ मध्ये, पोपोविच यांच्या हाताखाली. बालेवाडीत बंगळुरूला गोलशून्य बरोबरीत रोखलं, पण बंगळुरूत सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकपुढे ३-१ अशी हार झाली. पुढच्या हंगामात पोपोविच नव्हते. २०१९ मध्ये संघच गुंडाळला गेला, लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली आणि ब्राऊनही तिकडेच गेले.

पुण्यात पुन्हा कुणी व्यावसायिक संघ उभा केलाच, तर त्याने प्रशिक्षक परदेशातला की गोव्यातला, याचा घोळ घालत बसू नये. करार निदान तीन वर्षांचा करावा आणि पहिल्या हंगामात चार सामने हरले म्हणून तो मोडू नये.