बातमीदार जेव्हा जनसंपर्काची उमेदवारी करतो

वर्तमानपत्रात तीन-चार वर्षे बातमीदार असलेली मुलगी एके दिवशी घरी सांगते की, ती नोकरी सोडून आपण एका हॉटेल कंपनीच्या जनसंपर्क विभागात सहा महिन्यांची उमेदवारी पत्करली आहे. वडील म्हणतात, "काल लोकांसाठी लिहीत होतीस, आता मालकासाठी लिहिणार?" आई म्हणते, "एवढी वर्षे काम करून पुन्हा उमेदवारी?" आपल्या मॉरिशसच्या मराठी घरांतून असे संवाद आता ऐकू येऊ लागले आहेत. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून त्यांचा नीट विचार करू या.

आईच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला सहज देता येते. आम्ही शिक्षक-प्रशिक्षणाला गेलो तेव्हा आमच्यातले काहीजण आधीपासूनच वर्गावर शिकवीत होते. तरीही पाठाचे टाचण काढून, मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असताना सराव-पाठ देणे त्यांनाही चुकले नाही. जुना अनुभव वाया गेला नाही, पण तो नव्या शिस्तीत बसवावा लागला.

इथेही तसेच आहे. बातमीदार मुलीला ठाऊक असते की अंक छपाईला कधी जातो, संपादक कोणता कागद वाचतो आणि कोणता टोपलीत टाकतो. चार वाक्यांत मुद्दा कसा मांडावा हे तिला वेगळे शिकवावे लागत नाही. पण एक प्रसिद्धीपत्रक बाहेर पडण्यापूर्वी विभागप्रमुख, वकील आणि व्यवस्थापक अशा कितीजणांच्या हातून जाते, हे तिला नवीन असते. बातमीवर तिचे नाव छापून येत असे, प्रसिद्धीपत्रकावर नाव कंपनीचे असते. बातमीदाराचे काम दडलेले शोधून काढण्याचे. आता मात्र कंपनीच्या काही गोष्टी योग्य वेळेपर्यंत मनात ठेवाव्या लागतात. हे सारे शिकायला सहा महिने काही जास्त नाहीत.

वडिलांचा प्रश्न अधिक खोल आहे. त्यासाठी आयव्ही ली या अमेरिकन गृहस्थाची हकीकत पाहावी. १८७७ मध्ये जन्मलेला हा माणूस न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत बातमीदार होता. १९०३ च्या सुमारास त्याने ते काम सोडले आणि प्रसिद्धीच्या कामात शिरला. आजच्या जनसंपर्क व्यवसायाचा पाया घालणाऱ्यांत त्याची गणना होते.

१९०६ मध्ये कोळसा खाणमालकांचे काम करताना त्याने संपादकांकडे एक निवेदन पाठविले. आमचे काम उघड आहे, ही जाहिरात नव्हे, आम्ही देऊ ती माहिती अचूक असेल आणि कोणाला ती पडताळून पाहायची असेल तर आम्ही मदत करू, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीजवळ आगगाडीचे डबे पुलावरून पाण्यात कोसळून पन्नासाहून अधिक माणसे दगावली. अपघात झाला की बातमीदारांना दूर ठेवायचे, अशी त्या काळी रेल्वे कंपन्यांची रीत होती. लीने कंपनीला उलट सल्ला दिला. कंपनीने स्वतःहून निवेदन काढले आणि बातमीदारांना अपघाताच्या जागी नेले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते निवेदन जसेच्या तसे छापले. आजच्या प्रसिद्धीपत्रकाचा तो आद्य नमुना, असे पुष्कळजण मानतात.

याच माणसाची दुसरी बाजू १९१४ मध्ये दिसली. कोलोरॅडो राज्यात लडलो येथे संपावरील खाणकामगार तंबू ठोकून राहत होते. २० एप्रिल रोजी त्या वस्तीवर हल्ला होऊन तंबू जळाले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या २ स्त्रिया आणि ११ मुले गुदमरून मेली. खाण कंपनीत मोठा वाटा रॉकफेलर कुटुंबाचा होता. त्यांनी लीला नेमले आणि त्याने मालकांची बाजू मांडणारी पत्रके देशभर वाटली. त्यांतली काही माहिती चुकीची निघाली. कामगार पुढाऱ्यांचे पगारही फुगवून सांगितले गेले होते. पुढे चौकशी आयोगाने त्याला विचारले की, मालकांनी दिलेली माहिती खरी आहे का हे पाहण्यासाठी तुम्ही स्वतः काय केलेत? काहीच केले नाही, अशी कबुली त्याला द्यावी लागली. अमेरिकेत 'पॉइझन आयव्ही' नावाची एक विषारी वेल आहे, अंगाला लागली की खाज सुटते. लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी तेच नाव लीला चिकटवले, ते कायमचे.

आता पाहा, दोन्ही वेळी लीला पैसे मालकच देत होते. फरक एवढाच की १९०६ मध्ये त्याच्यातला बातमीदार जागा होता आणि १९१४ मध्ये तो झोपला. पगार कोण देतो एवढ्यावर माणूस बिघडत नाही. 'हे खरे कशावरून?' हा प्रश्न विचारणे ज्या दिवशी बंद होते, त्या दिवशी तो बिघडतो.

वर्तमानपत्र तेवढे निर्मळ आणि कंपनी तेवढी मळलेली, असेही समजू नये. आपल्या बेटाचा इतिहास पाहिला तरी हे कळते. १८३२ मध्ये आद्रियाँ देपिने यांनी काढलेले 'ले सेर्नेएँ' हे पत्र मळेवाल्यांची बाजू मांडणारे होते. १९०९ मध्ये मणिलाल डॉक्टर यांनी 'हिंदुस्तानी' सुरू केले ते आपल्या मजूर पूर्वजांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी. दोन्ही वर्तमानपत्रेच होती, पण कोणासाठी बोलत होती ते वेगळे.

खऱ्या माहितीची किंमत संकटात कळते. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' हे जहाज पॉइंट देस्नीजवळच्या खडकांवर चढले आणि ६ ऑगस्टपासून तेल गळू लागले. सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेले. उसाचे पाचट भरून तेल अडविण्याचे बांध करायला माणसे गावोगावहून धावली. अशा वेळी कोळ्याला हवे असते ते हे की आज जाळे टाकावे की नाही, आणि मदतीला निघालेल्या मुलाला हवे असते ते हे की कुठे जावे. कोणत्याही कचेरीतला जनसंपर्क अधिकारी त्या वेळी अचूक माहिती लवकर देईल तर ती मोठी लोकसेवा होय. न तपासता 'सर्व ठीक आहे' म्हणेल तर नुकसान लोकांचे आणि त्याच्या कचेरीचेही.

म्हणून उमेदवारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पत्रकात घालायचा प्रत्येक आकडा कुठून आला ते विचारा. जुन्या सहकाऱ्यांच्या ओळखीवर बातमी छापून आणू नका. कागद चांगला असेल तर तो आपल्या पायांनी जाईल. उत्तर माहीत नसेल तर 'माहीत नाही, चार वाजेपर्यंत सांगतो' म्हणा आणि चार वाजता खरोखर सांगा. आणि भाषेकडे लक्ष द्या. आपल्याकडे सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्र बहुधा फ्रेंचमध्ये आणि घरातले बोलणे क्रिओलमध्ये. तिन्ही ठिकाणी अर्थ तोच राहिला पाहिजे. घरी मराठीची चार अक्षरे राखणाऱ्या आपल्या मुलांना एका भाषेतून दुसरीत जाण्याची सवय लहानपणापासून असते. तिचा इथे उपयोग होईल.

पालकांनाही एक विनंती. मुलगी संध्याकाळी घरी आली की पगाराची चौकशी जरूर करा, पण त्याबरोबर, "आज काय तपासून पाहिलेस?" हेही विचारा. तिच्यापाशी रोज काही ना काही उत्तर असेल, तर तिने वर्तमानपत्र सोडले याची खंत बाळगू नका. उत्तर येईनासे झाले, तर मात्र तिला जवळ बसवून लीची गोष्ट सांगा, आणि दुसरी जागा शोधायला धीर द्या.