जुन्या छायाचित्रातले थिएटर

आपल्या घरी पेटीच्या तळाशी नाहीतर भिंतीवर एखादे पिवळे पडलेले छायाचित्र असेलच. त्याविषयी घरात एक गोष्ट ठरलेली असते, आणि ती कोणी तपासून पाहत नाही. आमच्याकडेही तसेच होते. कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावातले पत्र्याचे थिएटर. दारावर डोअरकीपर असलेले आमचे आजोबा. त्यांचे बोट धरून उभा पाचसहा वर्षांचा मुलगा. हा मुलगा म्हणजे १९४२ साली तापाने गेलेले माझे थोरले काका, असे आत्या सांगे. काकांचे दुसरे चित्र नाही. म्हणून त्यांच्या तिथीला ती यालाच फूल वाही.

मी साल काढायला बसलो ते केवळ हौसेने. असे चित्र प्रथम उलटून पाहावे. मागे स्टुडिओचा शिक्का असतो. आमच्या चित्रामागे काही नव्हते. मग भिंग घेतले. दराची पाटी आण्यांत होती. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, तेव्हा चित्र बहुधा त्याआधीचे. छपरावर कर्णा, म्हणजे बोलपट लागत होते. 'आलम आरा' १९३१ चा, मराठी 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. त्यानंतर गावोगावच्या कितीतरी नाटकगृहांत पडदा लागला. दाराशेजारी 'संत तुकाराम'ची जाहिरात होती. हा प्रभातचा चित्रपट १९३६ चा. झाले, काकाच हे, असे मी ठरवून टाकले!

इथेच माणूस फसतो. जाहिरातीवरून चित्र कोणत्या सालाच्या आधीचे नाही एवढेच कळते. तालुक्याला चित्रपट उशिरा येत, आणि संतपट तर पुन्हा पुन्हा येत. नीट पाहिले तेव्हा तुकारामाच्या कागदाखालून दुसरा फाटका कागद डोकावत होता. धनुर्धारी राम, आणि '…राज्य' एवढी अक्षरे. विजय भट्टांचा 'रामराज्य' १९४३ चा. खालचा कागद १९४३ चा, तर वरचा त्यानंतर चिकटवलेला. काका तर त्याआधीच गेलेले.

(शिक्षकबंधूंनी आपल्या गावच्या थिएटरचा असा शोध मुलांकडून जरूर करवावा. १९१८ च्या कायद्याने चित्रपटगृहाला जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचा परवाना लागू लागला. तेव्हा कलेक्टर कचेरीत आणि नगरपालिकेच्या जुन्या ठरावांत विचारून पाहावे. म्हाताऱ्या माणसांना मात्र एकेकटे गाठून विचारावे. चारचौघांत सगळे एकच गोष्ट सांगतात.)

आत्याला सांगावे की नाही, यात माझे दोन दिवस गेले. नव्वदीला टेकलेली बाई. तिचे फूल कशाला काढून घ्यायचे? शेवटी सांगितले. तिने भिंग मागून घेतले आणि बराच वेळ पाहिले.

"म्हणजे हा तुझा बाप," ती म्हणाली. "पण सदरा त्याचाच आहे रे. आईनं जपून ठेवला होता, तोच मग याला घातला. खांद्यावरचं ठिगळ बघ."

मी पाहिले. उजव्या खांद्यावर ठिगळ होते.