घसारा आणि कमाई

बँकेच्या हिशेबात घसारा नावाचा एक मुकाट शत्रू असतो. तो कुणाला दिसत नाही, त्याचा आवाज होत नाही. पण दर ३१ मार्चला तो शाखेतल्या प्रत्येक टेबलाची, कपाटाची आणि खुर्चीची थोडी थोडी किंमत खाऊन जातो. आयकराच्या नियमांत फर्निचरला आज वर्षाला दहा टक्के घसारा धरतात. अशी वर्षे सरत गेली, की एक दिवस वस्तू जागेवर असते, रोज कुणीतरी तिच्यावर बसत असते, आणि रजिस्टरात तिच्यासमोर किंमत असते एक रुपया. तोही अशासाठी, की वस्तू अस्तित्वात आहे याची नोंद राहावी.

आयुष्यातली पस्तीस वर्षे ‘घसारा’ आणि ‘कमाई’ या दोन शब्दांच्या सोबतीने काढली. पण आपल्या भाषेत हे दोन्ही शब्द हिशेबाच्या वहीबाहेरही राहतात, हे फार उशिरा लक्षात आले. घसारा म्हणजे घासून झिजणे. आणि कच्च्या कातड्याचे टिकाऊ चामडे करणे याला मराठीत म्हणतात ‘कमावणे’. पैसा कमवावा तसे कातडेही कमवावे लागते, पैलवान शरीर कमावतो तसे. वेळ, मेहनत आणि धीर या तिन्ही गोष्टी घातल्याशिवाय ते होत नाही.

हे मला शिकवले एका खुर्चीने. मी अगदी नवखा असताना ज्या शाखेत रुजू झालो, तिथल्या व्यवस्थापकांची ती खुर्ची. सागवानी सांगाडा, पितळी फुल्या आणि गडद तपकिरी अस्सल चामडे. १९९६ साली शाखेचे नूतनीकरण झाले. संगणक आले, काचेच्या भिंती आल्या आणि जुने सामान लिलावात निघाले. एक रुपया पुस्तकी किमतीची ती खुर्ची मी बोली लावून घरी आणली. तिच्यावर बसून दोन कादंबऱ्या लिहिल्या. तीन वर्षांपूर्वी मात्र तिची बैठक खचली, एक शिवण उसवली आणि पाठीमागून तांबूस भुकटी गळू लागली. घरातल्यांचे मत स्पष्ट होते: नवी घ्या. फर्निचरच्या दुकानदारानेही तेच सांगितले. सांगणारच; त्याला नवी विकायची होती.

शेवटी एका परिचिताने धारावीतल्या एका गाळ्याचा पत्ता दिला. तिथले मास्तर वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. त्यांनी खुर्चीकडे पाहिले नाही, आधी तिला हात लावला. अंगठ्याने चामडे दाबले, सुटलेल्या शिवणीतून बोट आत घालून उलटी बाजू चाचपली, आणि कोपऱ्यात एका न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब हळूहळू आत मुरला, जागा काळपट झाली. मास्तर म्हणाले, “साहेब, खरा माल आहे. वर रंगाचा थापा नाही. हे चामडं अजून श्वास घेतंय.”

त्या एका थेंबात बरेच शास्त्र आहे, आणि ते घरोघरी ठाऊक असायला हवे. जनावराच्या कातडीच्या वरच्या थरात तंतू अतिशय दाट विणलेले असतात, खालच्या थरात ते सैल होत जातात. वरचा थर जसाच्या तसा राखला, तर ते ‘फुल ग्रेन’ लेदर. डाग, ओरखडे लपवण्यासाठी तोच थर घासून, रंग चढवून वर नकली छाप उठवली, तर ‘करेक्टेड ग्रेन’. खालचा सैल थर वेगळा काढला, तर ‘स्प्लिट’. आणि कातरणाचा भुगा चिकटद्रव्यात कालवून कापडावर थापला, तर त्याला ‘बाँडेड’ लेदर म्हणायचे. पाण्याचा थेंब मुरला तर वरचा लेप पातळ आहे, तसाच उभा राहिला तर रंगाचा जाड थर आहे, एवढे समजावे. दोन्ही चामडी अस्सल असू शकतात, पण त्यांची दुरुस्ती वेगळी. एकाला आतून रंग मुरवावा लागतो, दुसऱ्याला वरून लेप द्यावा लागतो.

नकलीची गोष्ट निराळीच. आपण ज्याला सरसकट रेग्झिन म्हणतो, ते मुळात एका ब्रिटिश कापडाचे व्यापारी नाव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन त्यावर कातड्यासारख्या सुरकुत्या उठवत. आज त्याची जागा पीव्हीसी आणि पीयूने घेतली आहे. यातल्या बऱ्याचशा पीयू लेपाला दमट हवा सोसत नाही. पाण्याची वाफ त्याचे रासायनिक दुवे हळूहळू तोडते आणि मुंबई-कोकणातल्या चार-सहा पावसाळ्यांनंतर सोफ्याचे पापुद्रे सुटू लागतात. पाहुणे उठले की त्यांच्या पँटीला काळ्या खपल्या चिकटलेल्या दिसतात! असा सोफा दुरुस्त करता येत नाही. त्यावर काहीही चोळले तरी ते मढ्याला पावडर लावण्यासारखेच. कापड बदलणे हा एकच इलाज. अस्सल चामडे आणि नकल यांत खरा फरक दिसण्याचा नाही, दुरुस्त होण्याचा आहे.

मास्तरांनी खुर्ची उलटी केली आणि खालच्या चुका एकेक करून उपटल्या. गोणपाट निघाले, त्याच्या आत काथ्या, त्याखाली सुतळीने एकमेकींना बांधलेल्या स्प्रिंगा. चार सुतळ्या कुजून तुटल्या होत्या. बैठक खचली होती ती म्हणून. चामड्याचा त्यात काही दोष नव्हता. मास्तर म्हणाले, “लोक वरचं चामडं बदलायला सांगतात. दुखणं पोटात असतं, मलम पाठीला लावतात.” त्यांनी स्प्रिंगा नव्या सुतळीने चहूबाजूंनी ताणून बांधल्या, काथ्या पिंजून पुन्हा भरला. सांगाड्याच्या आतल्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेले एक साल सापडले, १९५४. शेजारी नाव होते, पण ते पुसून गेले होते. सत्तर वर्षांपूर्वीच्या कुण्या कारागिराची ती सही. मी मास्तरांना म्हटले, “तुम्हीही तुमचे नाव लिहा.” ते हसले. म्हणाले, “नाव कशाला साहेब? पुढचा जो उघडेल त्याला काम बघून कळेल.” फार आग्रह केल्यावर त्यांनी फक्त साल लिहिले.

पाठीमागच्या तांबूस भुकटीचे मात्र त्यांनी काही केले नाही. “हे मेलंय,” एवढेच म्हणाले आणि तो तुकडा रापीने कापून बाजूला ठेवला. साली-पाल्याने कमावलेल्या जुन्या चामड्यावर हवेतल्या गंधकाच्या वायूंचा वर्षानुवर्षे परिणाम झाला, की तंतू आतून कुजून त्यांची भुकटी होते. जुन्या ग्रंथालयांतल्या चामडी बांधणीच्या पुस्तकांनाही हाच रोग होतो. इंग्रजीत त्याला ‘रेड रॉट’ म्हणतात. तो आवरता येतो, उलटवता येत नाही. काय वाचवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे ज्याला कळते तोच खरा दुरुस्ती करणारा. बुडीत कर्जाच्या फायली हाताळताना आम्हालाही हेच शिकावे लागे.

हाताच्या टेकूवर एक फाट होती, ती मात्र वाचण्यासारखी होती. मास्तरांनी फाटीच्या आत चामड्याचाच एक पातळ तुकडा अस्तरासारखा सरकवला, कडा लवचीक डिंकाने त्यावर बसवल्या. मग भरावाचा पातळ हात दिला, वाळू दिला, बारीक पॉलिश पेपरने घासला, पुन्हा हात दिला. असे पाच-सहा वेळा. जाड थर एकदम दिला, तर बसताच तडकतो. मग रंग. एका डबीत तपकिरी, पिवळा, काळा आणि चिमूटभर लाल असे मिसळत ते उन्हात जाऊन पाहात, पुन्हा आत येऊन ट्यूबलाइटखाली पाहात. दोन्हीकडे जुळला तेव्हाच रंग चढला. उसवलेली शिवण त्यांनी आरीने जुन्याच भोकांतून पुन्हा घातली. नवी भोके पाडली तर तिथूनच चामडे फाटते, हे त्यांनी न विचारता सांगितले.

घरी काय करावे, हेही त्यांनी सांगितले. चामडे कमावले की ते स्वभावाने किंचित आम्लधर्मी राहते. साबण आणि भांडी घासायची पावडर अल्कधर्मी. म्हणून साबणाने पुसणे म्हणजे चामड्याशी रोज थोडे भांडणे. खोबरेल तेल लावले की चार दिवस चकाकते, मग धूळ धरते आणि खवट होते. पावसाळ्यात बुरशी आली, तर कोरड्या मऊ फडक्याने घराबाहेर पुसावी, खुर्ची सावलीत वाऱ्याला ठेवावी आणि भिंतीपासून वीतभर दूर. उन्हात ठेवू नये, हीटर किंवा हेअर ड्रायर लावू नये. बाभळीच्या सालीने कमावलेले चामडे ओले असताना पंच्याहत्तर-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास आकसते, आणि एकदा आकसलेले चामडे पुन्हा पसरत नाही.

हे सालीचे कमावणे आपल्याकडे जुने आहे. कोल्हापूरच्या भागात बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडे आठवडेच्या आठवडे मुरत ठेवत. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने क्रोमियमच्या क्षाराने कमावण्याचे पेटंट घेतले आणि पुढे आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आजचे बहुतेक फर्निचरचे चामडे क्रोमचे. ते मऊ असते, आणि चांगले असेल तर उकळत्या पाण्यातही टिकते. ज्या मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून धारावीला टॅनऱ्या होत्या, तिथे आज कातडे कमावण्यापेक्षा शिवण्याचे आणि विकण्याचे काम अधिक. १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला गेला. १९७६ च्या कायद्याने राज्यात गोहत्येला बंदी होतीच, २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. कायद्याच्या बऱ्या-वाईटाची चर्चा इथे नको. पण मास्तरांच्या गाळ्यात आता चामडे चेन्नईहून येते, हे खरे. आणि धारावीच्या पुनर्विकासात आपला गाळा कुठे असेल, हा प्रश्न ते वर्तमानपत्र घडी करता करता विचारतात.

मास्तरांच्या हातांकडे पाहताना मला माझे जुने टेबल आठवत होते. १९७२ साली सुरू झालेल्या डीआरआय योजनेत दुर्बल घटकांना चार टक्के व्याजाने कर्ज मिळे. त्या योजनेत चर्मकार कारागिरांचे अर्ज येत. साधनांच्या रकान्यात आरी, रापी, शिलाई मशीन असे लिहिलेले असे. उत्पन्नाचा रकाना होता, जातीच्या दाखल्याची जागा होती, जामीनदाराची होती. हाताला काय येते, याला रकाना नव्हता. आणि गंमत पाहा, ते अर्ज मंजूर करणारे साहेब ज्या खुर्चीवर बसलेले असत, तिचे चामडे अशाच कुणीतरी कमावलेले आणि शिवलेले असे.

आपल्या समाजाने हे कोडे शतकानुशतके न सोडवता तसेच ठेवले. मेलेल्या जनावराचे कातडे सोलणारा, ते कमावणारा, शिवणारा गावाबाहेर. आणि त्या चामड्याचा मृदंग देवळात, जोडा पायात, खुर्ची कचेरीत. संत रोहिदासांचे नाव आपण भक्तीने घेतो, पण त्यांच्या कामाला हात लावायला कचरतो. म्हणून ‘जुनी कला मरते आहे हो’ अशी हळहळ ऐकली, की मी जरा सावध होतो. मास्तरांचा मुलगा एका कंपनीत हिशेबनीस आहे, नात फार्मसी शिकते. त्यांनी आरी हातात घेतली नाही, याचे दुःख मास्तरांना नाही, मलाही नसावे. ज्या कामाने माणसाला अपमानच दिला, ते काम त्याच्याच मुलांनी पुढे चालवावे असे म्हणण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? कला टिकवायची असेल, तर ती जन्माने नव्हे, पगाराने आणि मानाने टिकवावी लागेल. जोशी-कुलकर्ण्यांच्या घरातला मुलगाही ज्या दिवशी आनंदाने हे काम शिकेल आणि त्यावर घर चालवेल, त्या दिवशी म्हणू की कला वाचली. चेन्नईला १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, शास्त्र उपलब्ध आहे. कमी आहे ती नजरेची.

आणि ती नजर बदलायची सुरुवात आपल्या दिवाणखान्यातूनच करता येते. नव्या सोफ्याच्या किमतीत आपण घासाघीस करत नाही. तिथे एसी असतो आणि विकणारा इंग्रजी बोलतो. दुरुस्तीला आलेल्या माणसाने मजुरी सांगितली की मात्र आपल्या भुवया वर जातात: “एवढे? फक्त शिवायला?” नऊ दिवसांचे काम, तीस-चाळीस वर्षांचा हात आणि आणखी पंचवीस वर्षे टिकणारी वस्तू, याचा हिशेब घरातल्या कुणीही पाटीवर मांडून पाहावा. उत्तर दुरुस्तीच्याच बाजूने येते. वस्तू खरी असली पाहिजे, एवढीच अट.

हिशेबाची वही सांगते, की वापराने वस्तूची किंमत कमीच होत जाते. चांगले चामडे या नियमाला मान देत नाही. बसणाऱ्याच्या हाताने ते गुळगुळीत होते, रंगाने गडद होते, जुन्या माणसासारखे शांत होते. त्याचा घसारा म्हणजेच त्याची कमाई. पण ही कमाई आपोआप होत नाही. मधूनमधून कुणाचे तरी हात तिला लागावे लागतात. त्या हातांची नोंद मात्र आजही कोणत्याच रजिस्टरात सापडत नाही, एक रुपयाचीसुद्धा.