तुळईला जामीन कोण?

संपादकांचं सांगणं एवढंच होतं : गिरगाव, काळबादेवी, लालबागच्या जुन्या चाळी उतरवल्या जातायत, त्यांतलं सागवान कुठे जातं ते बघून या. माझ्या मनातला प्रश्न त्याच्या थोडा पुढचा होता. हे लाकूड उपाहारगृहांच्या भिंतींवर शोभेला लागतं, ते दिसतंच. पण एखादं वाचनालय, शाळेचं सभागृह, बाजाराची इमारत त्याच्या जिवावर उभी का राहत नाही? तो प्रश्न घेऊन रे रोडला, लाकडी बंदराच्या पट्ट्यातल्या एका वखारीत गेले आणि तिथे एका खिळ्यापाशी थांबले.

वखारीत तुळया एकावर एक रचलेल्या होत्या. बारा फूट लांब, फूटभर उंच, सहा इंच जाड. अशा एका तुळईत सहा घनफूट लाकूड असतं आणि तिचं वजन भरतं ११० किलोच्या आसपास. त्यातला निम्म्याच्या जवळपास भाग कार्बन. ती जळाली तर सुमारे पावणेदोनशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. इमारतीत राहिली तर तो तिच्यातच बंद राहील.

वखारीतले मिस्त्री मूळचे कोकणातले, सुताराच्या घरातले. तुळई आली की ते आधी तिची दोन्ही टोकं बघतात. भिंतीत गेलेला हा भाग वर्षानुवर्षं पावसाची ओल पितो, त्यामुळे मधली तुळई ठणठणीत असली तरी टोक कुजलेलं असू शकतं. मग हातोडीने ठोकत ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात. खणखणीत आवाज मधेच बसला, की खडूची खूण. त्यानंतर सुरू होतो खऱ्या चिकाटीचा भाग : खिळे काढणं.

वर दिसणारे खिळे सोपे. डोकं तुटून आत राहिलेले, वर रंगाचे चार-पाच थर बसलेले खिळे अवघड. मिस्त्री आधी हाताने चाचपतात, मग धातुशोधक यंत्र फिरवतात. यंत्र वाजलं की गोल काढायचा, पटाशीने खिळ्याभोवतीचं लाकूड जेमतेम पकड शिरेल इतकंच कोरायचं आणि खिळा सरळ रेषेत ओढायचा. तिरका ओढला तर आत मोडतो. मोडलाच, तर दुसऱ्या बाजूने पोलादी सळई ठोकून बाहेर काढायचा. एक जरी राहिला, तरी बँडसॉचं पातं दात गमावतं, कधी तुटून उडतं. शेजारच्या डब्यात काढलेले खिळे साठले होते. तळाला चौकोनी, लोहाराने घडवलेले; वर गोल, कारखान्यातले. पहिले बांधणाऱ्यांचे, नंतरचे राहणाऱ्यांचे : दोरीसाठी, तसबिरीसाठी, विजेच्या तारेसाठी.

शंभर वर्षांनीही हे खिळे एवढे घट्ट का? ओकच्या लाकडातली आम्लं लोखंड खातात. सागातलं तेल त्याला गंजू देत नाही. याच गुणामुळे मुंबईच्या गोदीत साग आला. १७३६मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने इथे सागाची जहाजं बांधली. त्यांतलं 'वेलस्ली' १८१५मध्ये पाण्यात उतरलं. पुढे 'कॉर्नवॉल' या नावाने ते इंग्लंडमध्ये प्रशिक्षण-जहाज झालं, सप्टेंबर १९४०मध्ये जर्मन विमानांच्या हल्ल्यात बुडालं आणि १९४८मध्ये वर काढून मोडलं गेलं. त्याचं काही लाकूड लंडनच्या न्यायालयांच्या पुनर्बांधणीत वापरलं गेलं. मुंबईत जोडलेला साग सव्वाशे वर्षं समुद्रात राहून, बॉम्ब खाऊन पुन्हा सार्वजनिक इमारतीत कामाला आला. जुन्या सागाच्या ताकदीबद्दल याहून मोठी साक्ष मला ठाऊक नाही.

चाळींतला साग बहुतेक नैसर्गिक जंगलातला, सावकाश वाढलेला. त्यात ब्रह्मदेशातला आहे, वलसाडी आहे, चंद्रपूरकडचा 'सीपी' आहे. तसा आज सहज मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६च्या आदेशानंतर आपल्याकडची वृक्षतोड आवळली गेली, आणि म्यानमारने एप्रिल २०१४पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली. म्हणजे या प्रतीच्या लाकडाचं एक मोठं कोठार आता आपल्या जुन्या इमारतींमध्येच उरलं आहे. ते दर आठवड्याला थोडं थोडं रिकामं होतंय.

मग त्यातून नवं कसं बांधायचं? वास्तुरचनाकार एरवी आधी नकाशा काढतो, मग माल मागवतो. जुन्या लाकडात आधी वखार मोजावी लागते, मग नकाशा. ब्रसेल्समधली युरोपीय परिषदेची 'युरोपा' इमारत २०१६मध्ये पूर्ण झाली. वास्तुरचनाकार फिलिप सॅमिन यांनी तिच्या दर्शनी भागाला सदस्य देशांतल्या पाडलेल्या, दुरुस्त झालेल्या इमारतींमधल्या ओकच्या हजारो जुन्या खिडक्या लावल्या. एकीचं माप दुसरीशी जुळत नाही, म्हणून त्यांची गोधडी जुळवली. पण हवा-पाणी अडवायचं मुख्य काम आतल्या नव्या काचेकडे दिलं. जुन्या खिडक्या रस्त्याचा आवाज थोपवतात. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया टेक विद्यापीठातली केंडेडा इमारत २०१९मध्ये उघडली. तिच्या तक्तपोशीत चित्रपटांच्या सेटमधून निघालेल्या पट्ट्या आणि नव्या, जास्त उंचीच्या पट्ट्या आलटूनपालटून खिळ्यांनी जोडल्या आहेत. दोन्ही ठिकाणी धोरण एकच : जुन्या लाकडाबद्दल जेवढी खात्री देता येते, तेवढंच काम त्याच्याकडे द्यायचं.

आपल्याकडे गाडी अडते ती या खात्रीपाशीच. तुळई चांगली आहे हे मिस्त्रींच्या हाताला कळतं. पण सभागृहाच्या छपराखाली तीनशे मुलं बसणार असतील, तर संरचना अभियंत्याला आकडा लागतो आणि त्याखाली सही लागते. लाकडाची प्रत ठरते ती जात, गाठी, भेगा, तंतूंचा तिरपेपणा यांवरून. जुन्या तुळईत याशिवाय खिळ्यांची भोकं असतात, सांध्यासाठी पाडलेल्या खाचा असतात, ओलीने खाल्लेली टोकं असतात. हे सगळं तपासता येतं. लाकडातून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजून त्याचा ताठरपणा काढतात. सुईसारख्या बारीक गिरमिटाने आतली पोकळी शोधतात. शंका राहिली तर वजन ठेवून वाक मोजतात. पण हे प्रत्येक तुळईवर वेगळं करावं लागतं, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्यात सवय तुटली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३मध्ये आपल्या बांधकामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली. ती २०२०मध्ये उठली. जंगल वाचवण्याचा हेतू योग्यच होता. पण मधल्या सत्तावीस वर्षांत किती अभियंत्यांना लाकडी तुळई मोजून-मापून बसवायची संधी मिळाली असेल? निविदेचंही तसंच. तिला एकसारखा माल, ठरलेली लांबी, ठरलेली तारीख हवी असते. वखारीतला माल महिनाभर कोणासाठी थांबत नाही.

पाडकामाचा वेग तर सगळ्यांत मारक. २०१६च्या नियमांनी मोठ्या पाडकामातला राडारोडा वेगवेगळा करणं बंधनकारक केलं, त्यात लाकूडही आलं. पण तुळई अखंड उतरवायला वेळ, माणसं आणि परांची लागते. कंत्राटदाराला जागा लवकर मोकळी करायची असते, म्हणून बारा फुटांची तुळई चार तुकडे होऊन खाली येते आणि छपराखालची तिची जागा कायमची जाते. हलकं आणि बारीक लाकूड मुंबईच्या बेकऱ्यांच्या भट्ट्यांत जळत आलं आहे. तिथला धूर थांबावा म्हणून उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. म्हणजे आता या लाकडाला दुसरी वाट शोधावीच लागेल.

धोके खरे आहेत, आणि ते लपवून काम पुढे जाणार नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं; घरगुती रंगांत ते ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम २०१७पासून लागू झाला, चाळींचे रंग त्याच्या कितीतरी आधीचे. तो रंग कोरडा घासला तर विषारी धूळ मिस्त्रींच्याच छातीत जाते. आगीचं भय मात्र हिशेबात बसवता येतं : जाड, टणक लाकडाचा थर मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर या वेगाने कोळसा होत जातो, म्हणून तासाभराची आग धरून तेवढी जाडी वाढवता येते. बारीक पट्ट्यांना ही सवलत नाही.

मला वाटतं, सुरुवात सरकारी जागेतूनच व्हायला हवी. म्हाडाने एक चाळ उतरवताना अखंड तुळई उतरवण्याचे वेगळे पैसे द्यावेत. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने त्या तुळया तपासून प्रत्येकीवर प्रत आणि क्रमांक कोरावा, आणि त्याच जागेवरच्या नव्या इमारतीचं वाचनालय किंवा सभागृह त्या यादीवरून आखावं. खिळे काढायला मिस्त्री आहेत, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारा एखादा मुलगाही त्याच अंदाजपत्रकात धरावा. सागाने आपली ताकद समुद्रात आणि चाळीत सिद्ध केली आहे. आता त्याच्यासाठी जामीन राहण्याची जबाबदारी सही करणाऱ्या खात्यांची आहे, आणि पाडकाम त्यांच्यासाठी थांबून राहणार नाही.