डोळ्यांवाचून पेटी

भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले की पुष्कळदा एखादा आंधळा गाणारा भेटतो. गळ्यात पेटी अडकवलेली असते. सोबत लहान पोर असते. गळा गोड असतो. लोक दोन-पाच रुपये टाकतात आणि म्हणतात, "देवानं डोळे नेले, पण गळा दिला!"

हे बोलणे आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते खरेच वाटू लागते. पण तसे नाही. आंधळ्याचा कान आपोआप तयार होत नाही. डोळ्याचे काम कानाला करावे लागते, म्हणून कान जास्त राबतो. जू वाहून वाहून बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो ना, तसेच हे आहे. त्या गाणाऱ्याला गळा आहे, कान आहे. नाही ते शिक्षण.

ते मिळाले तर काय होते?

जपान देशात टोकियो शहरी १९८८ साली नोबुयुकी त्सुजी नावाचा मुलगा जन्मला. जन्मापासून त्याला दिसत नव्हते. दोन वर्षांचा असताना आईने गुणगुणलेले गाणे त्याने खेळण्यातल्या बाजावर वाजवून दाखवले. घरच्यांनी नुसते कौतुक करून सोडून दिले नाही. चौथ्या वर्षी त्याला रीतसर शिक्षकाकडे घातले. २००९ साली अमेरिकेत पियानोची एक फार मोठी स्पर्धा झाली. जगातले निवडक तरुण तिथे आले होते. त्यात त्सुजीला सुवर्णपदक मिळाले. चीनच्या एका डोळस तरुणाबरोबर त्याने ते वाटून घेतले. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

पियानो म्हणजे आपल्या पेटीची थोरली बहीण समजा. पेटीत भाता हवा भरतो आणि हवेने सूर निघतो. पियानोत भाता नाही. त्यात तारा असतात. पट्टी दाबली की आतली लहानशी हातोडी तारेवर पडते. पट्ट्या ८८ असतात आणि दोन्ही हातांनी वाजवाव्या लागतात. पण पट्ट्यांची मांडणी अगदी आपल्या पेटीसारखीच.

आता तुम्ही विचाराल, न दिसणाऱ्याला इतक्या पट्ट्या सापडतात कशा? गावच्या भजनी मंडळाची पेटी घ्या. डोळे मिटा आणि काळ्या पट्ट्यांवरून बोटे फिरवा. काळ्या पट्ट्या वर आलेल्या असतात. त्या सारख्या अंतरावर नाहीत. आधी दोन जवळजवळ, मग जरा मोकळी जागा, मग तीन जवळजवळ. पुन्हा दोन, पुन्हा तीन. दोनाची जोडी सापडली की ती काळी एक आणि काळी दोन. जोडीच्या डावीकडे लागून जी पांढरी आहे, ती पांढरी एक. तिनाच्या झुबक्यात काळी तीन, चार आणि पाच. झाले! एवढ्या खुणेवर सगळी पेटी बोटाला ओळखता येते. चांगला पेटीवालादेखील पट्ट्यांकडे बघत बसत नाही. त्याची नजर बुवांच्या तोंडाकडे असते. म्हणजे वाजवताना डोळस माणूसही बोटांनीच बघतो.

अवघड काम पुढेच आहे. पियानोचे संगीत कागदावर लिहिलेले असते आणि वाजवणारा ते वाचून शिकतो. आंधळ्याने काय करावे? त्सुजीच्या शिक्षकांनी युक्ती काढली. डाव्या हाताचे वेगळे वाजवून ध्वनिफितीवर घेतले, उजव्या हाताचे वेगळे घेतले. कुठे हळू, कुठे जोरात, तेही तोंडाने सांगून ठेवले. मुलगा ते पुन्हा पुन्हा ऐकून पाठ करी आणि मग दोन्ही हात जुळवी. मोठ्या वाद्यवृंदात पुढे उभा असलेला माणूस हात हलवून इशारा देतो. तो इशारा त्सुजीला दिसत नाही. तो त्या माणसाच्या श्वासाकडे कान देतो. सुरुवात करण्याआधी माणूस श्वास घेतो, त्यावरून वेळ कळते.

कानाने शिकणे हलके समजू नका. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. कानावर पडलेल्या ओव्या-अभंगांवर त्यांची वाणी पोसली. त्यांची गाणी मुलाने आणि आप्तांनी उतरून घेतली, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. लिहून ठेवले नसते तर ती वाऱ्यावर गेली असती. शिकायला कान पुरतो, पण टिकवायला अक्षर लागते.

आंधळ्यांचे अक्षरही एका संगीत जाणणाऱ्या मुलानेच काढले. फ्रान्स देशात लुई ब्रेल १८०९ साली जन्मला. बाप घोड्यांचे चामडी साज शिवणारा. तीन वर्षांचा लुई बापाच्या दुकानात आरीशी खेळत होता. आरी डोळ्यात गेली. जखम चिघळली आणि दुसराही डोळा गेला. पुढे पॅरिसला आंधळ्यांच्या शाळेत त्याला घातले. तिथे पंधराव्या वर्षी त्याने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. जाड कागदावर उठवलेले हे ठिपके बोटाने वाचता येतात. लुई पुढे चर्चमध्ये बाजा वाजवी. त्याने त्याच ठिपक्यांत संगीत लिहिण्याचीही सोय केली. आज मराठीसुद्धा ब्रेलमध्ये लिहिता येते. गंमत अशी की आपण जिला देशी समजतो त्या पेटीचा मूळ बाजाही ब्रेलच्या हयातीत त्याच पॅरिसमध्ये निघाला.

आता आपल्या मुलखातला मोठा माणूस पाहू. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ कुरुंदवाड हे गाव आहे. तिथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णू दिगंबर पलुस्कर जन्मले. वडील कीर्तनकार. विष्णू लहान असताना दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम चालले होते. फटाका तोंडाजवळ उडाला. वेळेवर उपचार झाले नाहीत. डोळे कायमचे अधू झाले आणि शाळा बंद पडली.

घरच्यांनी मुलाला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकायला पाठवले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे ते थोर गवई. त्या शिक्षणात पुस्तक नव्हते, फळा नव्हता. गुरूने तंबोऱ्यावर म्हणावे आणि शिष्याने ऐकून म्हणावे. एकच तान शंभरदा घोटावी. चुकली की पुन्हा. डोळ्याला त्यात काम नव्हते, म्हणून विष्णू कुणाच्या मागे राहिला नाही. १८९६ साली त्याने मिरज सोडली. सांगतात की एका समारंभाला विष्णूला बोलावणे आले, पण गुरूंना आले नाही. "ते तर गवई," असे उत्तर मिळाले. गवयाला मान नाही, हे त्या तरुणाच्या मनाला फार लागले.

मग गावोगाव हिंडत ते पंजाबात गेले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तोवर गाणे शिकायचे तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राबावे लागे, आणि गुरूची मर्जी असेल तरच विद्या मिळे. इथे वर्ग होते, अभ्यासक्रम होता, परीक्षा होती. मुलींनाही दार उघडे होते. मुख्य म्हणजे पलुस्करांनी स्वर कागदावर लिहिण्याची पद्धत बसवली आणि गाण्याची पुस्तके छापली. ज्याला स्वतःला नीट दिसत नव्हते त्याने गाणे वाचण्याजोगे केले! मुंबईची शाळा १९०८ साली निघाली. पुढे कर्जापायी तिथली इमारत गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेलाच त्यांचा अंत झाला. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचेच शिष्य.

ब्रेलचा डोळा आरीने गेला, पलुस्करांचा फटाक्याने. आपल्याकडे पऱ्हाटीची काडी लागते, दिवाळीत फटाका उडतो, तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराच्या तोंडावर फुटते. चुना गेला तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहावे, भरपूर धुवावे, मग दवाखाना गाठावा. टोचले किंवा फुटले असेल तर चोळू नये, दाबू नये, दूध-मध-तेल घालू नये. वरून सैल झाकावे आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. दुसऱ्या डोळ्याने दिसते म्हणून बाजाराच्या दिवसाची वाट बघू नये.

आणि ज्या मुलाची नजर गेलेलीच आहे, त्याचे काय? २०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेच्या परीक्षेत त्याला लिहून देणारा सोबती मिळतो. मूल सांगेल ते तो उतरवतो. पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ साली जे मंडळ काढले, त्याच्या गाण्या-वाजवण्याच्या परीक्षा आजही गावोगावची मुले देतात. त्यात गाऊन-वाजवून दाखवायचा भाग मोठा असतो. आधी अपंगत्वाचा दाखला मात्र हवा. त्याचा अर्ज ऑनलाइन भरतात. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या सेवा केंद्रात भरून मिळतो. डोळ्यांची तपासणी जळगावला किंवा धुळ्याला सरकारी रुग्णालयात होते. जाताना मुलाचे आधार कार्ड, फोटो आणि आधीच्या औषधपाण्याचे कागद बरोबर न्यावेत.