लमाणांचा ताम्रपट व लष्कराची रसद

वाशीम जिल्ह्यांत मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें सेवालाल महाराजांचें क्षेत्र असून लमाण अथवा बंजारा समाजाचें तें मुख्य तीर्थ होय. या समाजाच्या नाईकांनीं मोंगल, मराठे व इंग्रज या तिघांच्याहि लष्करांस बैलांच्या पाठीवरून धान्य पुरविलें. १८०३ सालच्या वऱ्हाडांतील मोहिमेंत, म्हणजे अडगांव व गाविलगडच्या वेळीं, वेलस्लीची भिस्त यांच्याच तांड्यांवर होती.

या सेवेची सनद म्हणून एक ताम्रपट सांगतात. वऱ्हाडच्या पोलीस खात्यांतील कंबरलेज यांच्या, १८८२ सालीं पुन्हा छापलेल्या वृत्तांतांत तो आला आहे. शहाजहानचा वजीर आसफखान १६३० च्या सुमारास दक्षिणेंत उतरला, तेव्हां भंगी व झंगी या नाईकांचे १,८०,००० बैल त्याच्या सैन्याबरोबर होते. त्यांस रांजणांतील पाणी, छपरावरील गवत व रोजचे तीन खून माफ झाले, असा त्याचा आशय. शब्द यमकबद्ध हिंदुस्थानी आहेत.

मोंगली फर्मान फारशींत, मोहर व तारीख यांसह असावयाचें. सबब हा मजकूर दप्तरी नसून स्मरणार्थ रचलेला आहे, असें आम्हांस वाटतें. बैलांचा आंकडाहि मोजदाद म्हणून घेऊं नये. १६३२ सालीं पीटर मंडी यास वाटेंत भेटलेला एक मोठा तांडा १४,००० बैलांचा होता. तथापि निजामाच्या दरबारीं या घराण्याच्या वारसास खिलत मिळे, म्हणून मूळ गोष्ट निराधार म्हणवत नाहीं.

तीन खुनांच्या कलमावरून या लोकांस जातीचेच गुन्हेगार ठरविणें सोपें, आणि १८७१ च्या कायद्यानंतर कित्येक ठिकाणीं तसें झालेंहि. परंतु 'सात खून माफ' हें आपण आजहि मर्जीतल्या माणसाविषयीं म्हणतों. तीच ही बोली. खरा अर्थ पहिल्या दोन कलमांत आहे. १६३० ते १६३२ हा दक्षिणेंतील घोर दुष्काळाचा काळ. कुरणें करपलेलीं, तळ पडला कीं विहिरी लष्कराच्या. मग बैलांस उरे तें घरांत सांठविलेलें पाणी आणि छपराचें गवत. रसद पोंचे ती अशी, आणि तिचा भार रयतेच्या घरावर पडे.

संग्राहकांनीं मोहिमांचे जमाखर्च चाळतांना 'लमाण', 'गोणी', 'कही' हे शब्द टिपून ठेवावे. मात्र 'वंजारी' या शब्दानें दुसरी जातहि अभिप्रेत असूं शकते. तेथें नाईकाचें नांव व तांडा पाहूनच निर्णय करावा.