यातनेचे चित्र आणि खेळणाऱ्याचा हात

माणसाचा छळ कलेत दाखवावा की दाखवू नये, हा वाद जुनाच आहे. नवे एवढेच झाले आहे, की आता तो नुसता दाखविला जात नाही. पाहणाऱ्याच्या हातून करवून घेतला जातो. व्हिडिओ गेम या नावाने जे खेळ घरोघरची मुले खेळतात, त्यांतील काहींविषयी मी बोलतो आहे.

भरताच्या नाट्यशास्त्राने युद्ध, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकातून सुचवाव्यात असा दंडक घातला. व्यवहारात मात्र आपली दृष्टी इतकी हळवी नव्हती. यमपुरीतील शिक्षांची रंगीत चित्रे पुष्कळ घरांच्या भिंतींवर असत. उकळत्या तेलाच्या कढया आणि करवत घेतलेले यमदूत वडीलधाऱ्यांपैकी अनेकांना आठवतील. पण ते चित्र पाहणारा स्वतःला कोठे कल्पीत असे? कढईत! करवत आपल्या हाती आहे, असे समजून कोणी खूश होत नसे.

नेवाशात बोलताना ज्ञानेश्वरीचा अकरावा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, याच गावी तो ग्रंथ सिद्ध झाला. विश्वरूपाच्या दाढांत वीरांचा चुरा होताना अर्जुन पाहतो, कापू लागतो, आणि पहिले सौम्य रूप पुन्हा दाखव म्हणून काकुळतीस येतो. तेव्हा भयानकाचे आपल्याला वावडे नाही. पाहणारा थरथरतो आहे ना, एवढेच पाहावयाचे.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावच्या बहादूरगडावर १६८९ साली संभाजी महाराजांना कैद करून आणले, त्यांची धिंड काढली. पुढे ११ मार्चला त्यांचा वध झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘छावा’ चित्रपटाच्या अखेरच्या भागात ते हाल सविस्तर दाखविले आहेत. प्रेक्षक रडत बाहेर पडले. प्रसंग इतका लांबवावा काय, याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. परंतु प्रेक्षकाचे मन सोसणाऱ्याच्या बाजूला होते, हे नाकारता येत नाही. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये चोरीचा आळ घेऊन एका ब्राह्मणाला तापलेल्या गोळ्याचे दिव्य करावयास लावतात. तेथे प्रेक्षक निराळ्याच अडचणीत सापडतो: तो मुकाट्याने पाहणाऱ्या पुण्यातला एक होतो.

आता खेळाकडे वळू. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा खेळ सप्टेंबर २०१३ मध्ये विक्रीस आला आणि जगभर त्याच्या वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यात एका प्रसंगी खुर्चीला बांधलेला मनुष्य समोर असतो. पाना, पक्कड, विजेचे झटके यांतून निवड खेळणाराने करावयाची. पक्कड निवडली तर दात उपटण्यासाठी लागणारी हालचालही त्यानेच करावयाची. नकार देण्याची वाट त्या कथेत नाही. छळ केला की पुढची माहिती मिळते, कथा सरकते आणि शेवटी कामगिरीची प्रतवारी होते. छळ सोसलेल्यांवर उपचार करणाऱ्या ‘फ्रीडम फ्रॉम टॉर्चर’ या ब्रिटिश संस्थेने त्या वेळीच याचा निषेध केला.

खेळकर्त्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. बांधलेला मनुष्य आधीच सर्व सांगावयास तयार असतो, आणि पुढे छळ करणारे पात्रच म्हणते, की यातून माहिती मिळत नाही. हा सरकारी छळावरचा उपरोध आहे, हे उघड दिसते. तथापि तोंडाने एक सांगायचे आणि हाताला दुसरे शिकवायचे, असा हा प्रकार झाला. खेळात हाताचेच शिक्षण पक्के होते, कारण बक्षीस हाताला मिळते. म्हणून रक्त किती दाखविले, हे मोजत बसणे मला फारसे उपयोगाचे वाटत नाही. पक्कड कोणाच्या हाती आहे, ती खाली ठेवता येते काय, आणि उचलल्याबद्दल काय मिळते, हे पालकांनी मुलाशेजारी बसून पाहावे. अशा खेळावर अठरा वर्षांची अट छापलेली असते. घरातल्या एकाच संगणकावर ती कोण पाळतो, ते आपण जाणताच.

वेदनेतून सत्य निघते, ही समजूत आपल्या कायद्याने केव्हाच टाकून दिली आहे. पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. आपल्यावरील आरोपात कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, असे घटनेचा विसावा अनुच्छेद सांगतो. तरीही गावात चोरी झाली की ‘दोन फटके द्या, आपोआप बोलेल’ हा सल्ला चावडीपासून एस.टी. स्टँडपर्यंत ऐकू येतो. तो देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी असला खेळ कधी पाहिलेलाही नाही.